पत आणि पदत्याग

माझ्या वडिलांच्या पेटीत सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दहा रुपयांची एक नोट होती. तिच्यावर सी. डी. देशमुखांची सही होती, म्हणून ओढगस्तीच्या दिवसांतही त्यांनी ती मोडली नाही. मुलुंडहून लोकलने फोर्टात कारकुनीला जाणाऱ्या या माणसाला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आपल्या कुलाबा जिल्ह्यातला, याचा केवढा अभिमान! मी बँकेत लागलो तेव्हा ती नोट माझ्याकडे आली.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. आय.सी.एस.ला ते पहिले आले. १९४४ साली ब्रेटन वुड्सला ४४ देशांच्या परिषदेत ते भारतातर्फे बसले आणि जागतिक बँक व नाणेनिधी यांचा जन्म त्यांनी डोळ्यांनी पाहिला. जागतिक बँकेच्या घटनेत तेव्हाच एक कलम बसले: सभासद देशाची राजवट कशी आहे हे पाहून कर्जाचा निर्णय करायचा नाही. मला हे कलम कळते. आम्हीही कर्जदाराची पत पाहायचो. तो घरात बायकामुलांशी कसा वागतो हे विचारत नव्हतो.

देशमुखांनी मात्र स्वतःपुरता वेगळा हिशेब ठेवला. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. त्या दिवसांत एकदा गाड्या बंद पडल्या आणि वडील दादरपर्यंत चालत आले होते. मुंबई केंद्राकडे ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. अर्थमंत्री देशमुखांनी राजीनामा पुढे केला आणि जुलैत लोकसभेत कारणे सांगितली. मंत्रिमंडळात पुरता विचार न होता निर्णय झाला, शिवाय गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. अर्थखाते सोडणे सोपे नव्हते. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती.

१९७५ साली आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. जागतिक बँकेच्या पुढाकाराने चालणारी भारत सहाय्य मंडळाची मदत थांबली नाही. कलमाप्रमाणे ते बिनचूकच होते, पण मला ते आजही पटत नाही. युरोपीय संघाने मात्र २०२२ मध्ये कायद्याच्या राज्याचे कारण देऊन हंगेरीचा निधी रोखला. तिथे तशी तरतूदच करून ठेवली होती.

१९८२ साली देशमुख हैदराबादला वारले. ती बातमी वडिलांनी कापून नोटेभोवती गुंडाळली. पेटी अजून मुलुंडच्या घरात आहे.