गिरमिटाचा कागद आणि गोपाळराव

मैत्रिणींनो, गेल्या साली पोळ्यानंतर आमच्या बचत गटातली एक बाई पदरात कागद लपवून माझ्याकडे आली. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जाणार होते. मुकादमाकडून उचल घेतलेली. कागद स्टॅम्पचा, खाली मुलाची सही आणि सुनेचा अंगठा. मी चष्मा लावून वाचायला बसले तर वाचायला होतंच काय? रकमेची जागा कोरी. किती महिने, टनाला काय भाव, मधे दुखलं-खुपलं तर काय, कशाचाच पत्ता नाही. अंगठा तेवढा ठळक होता.

त्या रात्री मला गोपाळ कृष्ण गोखले आठवले. बी.ए.ला इतिहास होता, त्यात ते गांधीजींचे राजकीय गुरू एवढंच पाठ केलं होतं. मवाळ म्हणून दोन मार्कांची टीपही लिहिली असेल. पण असाच एक कागद या माणसाने कलकत्त्यापासून आफ्रिकेपर्यंत लावून धरला होता, हे मला फार उशिरा कळलं.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. घरची गरिबी. ते तेरा वर्षांचे असताना वडील गेले. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवले. वहिनीने त्याच्या शिक्षणासाठी अंगावरचं किडूक-मिडूक पुढे केल्याचं सांगतात. (थोरांच्या चरित्रात अशा वहिन्या एका ओळीत येतात आणि जातात.) १८८४ मध्ये बी.ए. झाल्यावर पाठची पाठ मोडून पैसे कमवायचे सोडून ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिले. न्यायमूर्ती रानडे त्यांचे गुरू. आकडे आणि सरकारी अहवाल बारकाईने वाचायची शिस्त तिथली.

एक मोठी चूकही त्यांच्या हातून झाली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, गोपाळराव विलायतेत होते. गोऱ्या शिपायांनी पुण्यात बायकांवर अत्याचार केल्याचं पत्रातून कळलं, ते त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आले तर पुरावा देता येईना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. लोकांनी भित्रा म्हणून हिणवलं. मला वाटतं, त्या माफीचा चटका त्यांना जन्मभर पुरला. पुढे ते कायदे कौन्सिलात उभे राहिले की सरकारचेच कागद सरकारपुढे मांडायचे.

आता तो कागद काय होता ते सांगते. इंग्रजांच्या राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग मॉरिशस, त्रिनिदाद, नाताळ, फिजी इथल्या उसाच्या मळ्यांवर राबायचं कुणी? तर हिंदुस्थानातले गरीब. पाच वर्षांचा करार करून बोटीने न्यायचं. ‘ॲग्रिमेंट’ शब्दाचं लोकांच्या तोंडी झालं ‘गिरमिट’, आणि जाणारे झाले गिरमिटिये. अशी बारा लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक उत्तर हिंदुस्थानातली आणि मद्रासकडची, पण मॉरिशसला आपल्या कोकणातलीही गेली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात.

माणसं जमवणाऱ्या दलालाला म्हणायचे आरकाटी. त्याला माणशी पैसे मिळायचे, म्हणून तो बाजारात, देवळाशी, स्टेशनावर फिरायचा. दुष्काळाने बाहेर पडलेला माणूस, घरातून भांडून निघालेली बाई, विधवा असं गिऱ्हाईक हेरायचा. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्याच असा नियम होता. त्यामुळे बाई मिळवायला आरकाटी काय काय थापा मारत असतील, तुम्हीच विचार करा.

गोपाळरावांनी बोट ठेवलं ते नेमकं इथेच. मळ्यावरच्या चाबकाबद्दल बोलणारे पुष्कळ होते. ते म्हणत, फसवणूक भरतीतच आहे. जिथे जायचं तो देश या माणसाला माहीत नाही. मालक त्याने निवडलेला नाही. परवान्याशिवाय मळा सोडायचा नाही. मजुरी मोकळ्या मजुरापेक्षा कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काम चुकलं तर तो गुन्हा, त्याला सक्तमजुरीची कैद. हे कलम निघण्यापूर्वी त्या अडाणी माणसाला कुणी समजावून सांगायचंच नाही. मग त्याची संमती कसली? मॉरिशसमध्ये तर एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा कायदा कितीतरी वर्षं होता. खाडा शब्द वाचून ऊसतोडीच्या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी कौन्सिलात ठराव मांडला की नाताळसाठी गिरमिटाची भरती बंद करावी. तो मान्य झाला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सगळ्याच वसाहतींसाठी ही पद्धत बंद करा म्हणून ठराव आणला. मळ्यांवरच्या आत्महत्यांचे आकडे मांडले. बायकांचं प्रमाण कमी ठेवल्याने त्यांची काय विटंबना होते तेही मांडलं. बाजूने २२ मतं पडली, विरुद्ध ३३. सरकारी सभासदांचं बहुमत, ठराव पडला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेला गेले. मधुमेहाने शरीर पोखरलेलं होतं. गांधीजी त्यांच्या सोबत गावोगाव फिरले. नाताळात गिरमिट संपूनही तिथेच राहायचं तर वर्षाला तीन पौंड कर होता. पुढे तो सोळा वर्षांवरच्या मुलांना आणि तेरा वर्षांवरच्या मुलींनाही लागू झाला. गिरमिटियाची मजुरी महिन्याला दहा ते चौदा शिलिंग, आणि तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. भरता येत नसेल तर पुन्हा गिरमिट लिहून द्या, हाच त्यातला डाव. कर काढून टाकू, असं आश्वासन तिथल्या मंत्र्यांनी गोपाळरावांना दिलं आणि पुढल्या वर्षी ते फिरवलं.

मग १९१३ मध्ये सत्याग्रह पेटला. त्यात बायका उतरल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. खाणीतल्या मजुरांना काम बंद करायला लावलं ते बायकांनीच. वल्लीअम्मा नावाची सोळा वर्षांची पोर तुरुंगातून तापाने फणफणत सुटली आणि थोड्याच दिवसांत गेली. इकडे आजारी गोपाळराव पैसे जमवून पाठवत होते. चार्ल्स अँड्र्यूज यांना त्यांनीच तिकडे पाठवलं. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोपाळराव गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्यांचा पडलेला ठराव पुढच्याच वर्षी पंडित मालवीयांनी पुन्हा मांडला, आणि या वेळी सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतली उरलेली गिरमिटंही रद्द झाली.

आपल्याकडे १९७६ सालापासून वेठबिगारीविरुद्ध कायदा आहे. उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवणं, सक्तीने राबवणं गुन्हा आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. हे मी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली ताई, तिथून बुलडाण्याला यायचं कसं? बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी गटातल्या आम्ही पाच-सहा जणी मुकादमाला भेटलो. आधी हसला, मग चिडला. शेवटी रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून घेतली. कारखान्याचं नाव, महिने आणि टनाचा भावही लिहून घेतला. खाड्याचं मात्र त्याने लिहू दिलं नाही, ते तोंडीच राहू द्या म्हणाला. मी कागद त्या सुनेला दोनदा वाचून दाखवला. झेरॉक्स काढून एक तिच्या पेटीत ठेवली, एक माझ्या कपाटात. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा तिने वर चढून बसल्यावर मला खूण करून विचारलं, आहे ना जपून? मी मान हलवली.