तालीममास्तर देवल

१९८८ साली माझी अलिबागच्या शाखेत बदली झाली. त्या गणेशोत्सवात आम्ही हौशी मंडळींनी ‘संशयकल्लोळ’ बसवायला घेतले. तालमी समुद्राजवळच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत चालत. बँकेतला माणूस म्हणून नाटक कापून आटोपशीर करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. पहिल्या अंकातली दोन-चार फालतू वाटणारी वाक्ये मी खोडली आणि पुढे फाल्गुनरावांचा संशयच लंगडा पडला! खतावणीतली एक नोंद गाळली की ताळेबंद जुळत नाही, तशातली गत. गोविंद बल्लाळ देवलांची खरी ओळख मला त्या रात्री झाली.

देवलांचा जन्म १८५५ चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ते शिष्य. आपण त्यांना नाटककार म्हणून ओळखतो; पण नटांच्या लेखी ते आधी तालीममास्तर. वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, हे ते नटाकडून घोटून घेत. त्यांच्या सात नाटकांत पूर्णपणे स्वतंत्र एकच, १८९९ चे ‘शारदा’. बाकीची दुसऱ्याच्या कथेवर बेतलेली. पण बेतणे म्हणजे नक्कल नव्हे. ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ करताना परक्या माणसांना मराठी बोलणे आणि मराठी रीतभात द्यावी लागते.

‘संशयकल्लोळ’चेच पाहा. मूळ कल्पना मोलिएरची, १६६० सालची, पॅरिसमधली. १७६१ मध्ये मर्फीने तिला इंग्रजी रूप दिले. त्यावरून देवलांनी १८९३ साली गद्य नाटक लिहिले. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली. फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, अश्विनशेट अशी ही माणसे आपल्या शेजारची वाटू लागली. एक तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि दोन घरांची झोप उडते.

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. देवलांनी साठीच्या उंबरठ्यावर तेच नाटक पुन्हा हाती घेतले आणि गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यात पदे घातली. १९१६ च्या ऑक्टोबरात ते संगीत रूपात रंगभूमीवर आले. देवल मात्र जूनमध्येच गेले होते. नाटक गाजले, आजही होते. ते हसणारे प्रेक्षागृह त्यांच्या वाट्याला आले नाही.

अलिबागला मी खोडलेली वाक्ये मुकाट्याने परत घातली. प्रयोग मध्यरात्रीनंतर संपला. जागचे कोणी उठले नव्हते.