निखारा आणि धूर जाणणारा राजा

थंडी पडली की यवतमाळ जिल्ह्यातील शेतांमध्ये गोवऱ्यांचा विस्तव पेटतो. हुरडा भाजला जातो, रोडगे राखेत शिजतात, भरताचे वांगे निखाऱ्यावर काळे पडते. अलीकडे या बेतात जाळीच्या शेगडीची, म्हणजे बार्बेक्यूची भर पडली आहे. नवख्या मंडळींची पहिली चूक मात्र ठरलेली असते. ज्वाला उठत असतानाच मांस जाळीवर टाकले जाते. ते बाहेरून करपते, आत कच्चे राहते आणि वर चढलेल्या काजळीलाच धुराचा स्वाद समजले जाते. वास्तविक निखाऱ्यावर भाजणे आणि धुरी देणे ही दोन भिन्न कामे आहेत. या दोहोंचा वेगवेगळा उपयोग सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने ग्रंथात नोंदवून ठेवला. तो राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सम्राट तिसरा सोमेश्वर.

यवतमाळला हा राजा परका नाही. पुसद परिसरातील डोंगरगाव येथे शके १०३४ म्हणजे इ.स. १११२ चा शिलालेख आहे. तो माळव्याच्या परमार घराण्यातील जगद्देवाच्या काळातील. हा जगद्देव ज्या कुंतलनरेशाच्या आश्रयाला आला, तो सहावा विक्रमादित्य हा सोमेश्वराचा पिता. पित्याने १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले. त्याच्या दरबारात काश्मीरचा कवी बिल्हण होता, मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर होता. आज कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात बसवकल्याण या नावाने ओळखली जाणारी नगरी त्याची राजधानी होती.

अशा पित्यामागून ११२६ मध्ये गादीवर येणे सोपे नव्हते. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन स्वतंत्र होण्याची संधी शोधत होता आणि वेंगीचा प्रदेश चोळांनी पुन्हा मिळवला. सोमेश्वराने भूलोकमल्ल ही पदवी धारण केली. परंतु लोकांच्या स्मरणात राहिली ती त्याची दुसरी पदवी, सर्वज्ञ. तलवारीऐवजी लेखणीत रमलेला राजा असा ठपका त्याच्यावर ठेवला जातो. तो सर्वस्वी खोटा नसला तरी त्या लेखणीने जे राखले, ते कोणत्याही विजयाने राखले नसते.

राज्यारोहणानंतर अवघ्या तीन वर्षांत, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ सिद्ध झाला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचेच दुसरे नाव. वीस अध्यायांची एक विंशती, अशा पाच विंशती; एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती, वैद्यक, चित्रकला, संगीत, कुस्ती असा त्याचा पसारा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंदही त्यात आहे.

खवय्यांसाठी महत्त्वाचा तो अन्नभोगाचा अध्याय. डुकराचे केस गरम पाण्याने वा गवताच्या जाळाने काढावेत, येथपासून सुरुवात होते. मांसाला भोके पाडून त्यांत मसाला भरायचा आणि सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजायचे, हे भडित्रक. यकृताचे सुपारीएवढे तुकडे आधी कोळशावर भाजायचे, मग मसाल्यासह तळायचे आणि शेवटी दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे. नदीकाठच्या उंदरांचीही कृती आहे. वाचकांनी ती वाचूनच समाधान मानावे!

धूर मात्र दुसरीकडे येतो. तांदळाचे धुवण, चिंचेचे पाणी, ताक, साखर, वेलदोडा आणि आले यांच्या व्यंजनाला हिंगाची धुरी द्यायची. येथे शिजवण्याचे काम धुराकडे नाही. त्याने फक्त गंध द्यायचा. आपल्याकडे पेटत्या कोळशावर तुपाचा थेंब सोडून झाकण ठेवतात, तो धुंगार याच जातीचा.

परदेशी पद्धतीच्या धुरावणीत धुराबरोबर मंद उष्णताही काम करते. तेथे शंभर ते एकशेवीस अंश सेल्सिअसच्या आसपास, झाकणाखाली, विस्तवापासून दूर ठेवून मांस कित्येक तास शिजवले जाते. त्यामुळे चिवट तंतू मऊ होतात. म्हणून मोठा, कठीण तुकडा धुराला द्यावा आणि लहान, कोवळा तुकडा निखाऱ्याला. निखाऱ्याची आच याच्या दुप्पट वा अधिक असते आणि काम मिनिटांत उरकते. ज्वाला विझून कोळशावर पांढरी राख धरली की मगच जाळी ठेवावी.

सोमेश्वराने पित्याचे गद्यचरित्र ‘विक्रमांकाभ्युदय’ही हाती घेतले, ते आज अपूर्णच मिळते. ११३८ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली आणि पुत्र जगदेकमल्ल गादीवर आला. पुढील दोन दशकांत कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. ‘मानसोल्लास’ मात्र हस्तलिखितांतून टिकला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. भडित्रकाची कृती छापील स्वरूपात यायला १९३९ चा दुसरा खंड उजाडावा लागला.