छायाचित्रकार फाळके

फोटोग्राफी शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी शेवटी आपल्या कामाचं प्रदर्शन मांडतात. आपण दहा मिनिटांत सगळ्या भिंती बघून बाहेर येतो. जोयड्याच्या जंगलात फिरायला गेलो तर त्याहून जास्त फोटो तासाभरात मोबाईलवर काढतो! म्हणून आज अशा एका माणसाची आठवण करू या, ज्याला एकेका चित्राची मोठी किंमत मोजावी लागली.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण सिनेमाच्या कितीतरी आधी ते फोटोग्राफर होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईच्या विल्सन कॉलेजात, म्हणजे एका मिशनरी कॉलेजात, त्यांना संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. म्हणूनच 1885 मध्ये धुंडिराजांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाता आलं. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. 1890 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा घेतला. प्राचार्य गज्जर यांनी या धडपड्या मुलासाठी फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा मोकळी करून दिली. तिथे ते फोटो धुणं, छापणं, ब्लॉक बनवणं असं सगळं शिकत गेले.

शिक्षण झालं, आता पोटाचं काय? गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला. तेवढ्यात प्लेग आला. त्यात पत्नी गेली, मूलही गेलं. मोडलेल्या मनाने ते बडोद्याला परतले आणि पुन्हा कॅमेरा उभा केला. पण गिऱ्हाईक येईना! फोटो काढला की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी लोकांची समजूत होती. धंदा बसला. मग ते नाटकांचे पडदे रंगवू लागले.

1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून सरकारी नोकरी मिळाली. तीही त्यांनी सोडली आणि छपाईचा उद्योग काढला. आधी लोणावळा, मग मुंबई. रंगीत छपाईची यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. नाव झालं, पण भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीत हात पुन्हा रिकामे.

त्याच काळात गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले. मग झोप गेली. रोज सिनेमे बघणं, रात्री प्रयोग करणं. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तशी विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखून ठेवला. महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण! पडद्यावर मात्र मिनिटभरात बी फुटलं आणि वेल वर चढली. ते पाहून पैसा उभा राहू लागला. तरी पुरेना, म्हणून दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्या स्वतः फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा जवळ पैसा उरला नव्हता.

मित्रांनो, ज्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसायला लोक घाबरत होते, त्यांनी चिडून कॅमेरा फेकला नाही. माणसं बसेनात तेव्हा ते दुसऱ्या कामाला लागले, आणि वेळ आली तेव्हा एका वाटाण्यापुढे महिनाभर बसले. पुढच्या वेळी प्रदर्शनाला जाल तेव्हा एका तरी फोटोसमोर जरा जास्त वेळ थांबा. तो काढणारा किती दिवस थांबला असेल, कुणास ठाऊक.