श्रीमंत यशवंतराव होळकर आणि त्यांची नारिंगी गाडी

जुन्या मराठी घरात अशी एखादी वस्तू असतेच, की जी कोणी वापरीत नाही आणि मोडीतही काढू देत नाही. रामाकोन्याच्या एखाद्या वाड्यात ती आजोबांची पेटी असेल, इंदूरच्या एखाद्या बोळात ती पडवीत झाकून ठेविलेली मोटार असेल. दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढते आणि एरवी तिच्यावर धूळ बसते. घरातील थोरले म्हणतात, ती राहू द्या. धाकटे म्हणतात, जागा अडते. ठेवावी की द्यावी, आणि ठेवावयाची तर कोणी, हा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. या प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे इंदूरचे अखेरचे राज्यकर्ते श्रीमंत यशवंतराव होळकर यांचे आयुष्य डोळ्यांपुढे उभे राहते. कारण उत्तमातील उत्तम वस्तू निवडून घेण्याची नजर त्यांच्याइतकी थोड्यांपाशी होती, आणि त्या वस्तू घरात राहू नयेत असा काळही त्यांच्याच वाट्याला आला.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूर येथे झाला. वडील तुकोजीराव महाराज तिसरे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर बावला यांचा खून झाला, त्या प्रकरणाची धग इंदूरच्या गादीपर्यंत पोहोचली आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. सतरा वर्षांच्या मुलाच्या मस्तकावर राज्य आले. तो विद्यार्थीच होता. चार्टरहाऊसची शाळा आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले आणि १९३० साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. तत्पूर्वी, १९२४ साली, कागलच्या घराण्यातील संयोगिताबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. उंच, सडपातळ, अबोल अशी ही जोडी त्या काळच्या युरोपातील चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना फार भावली. बुते द मोंव्हेल यांनी काढलेली दोघांची चित्रे आणि मान रे यांनी टिपलेली छायाचित्रे प्रसिद्धच आहेत.

ऑक्सफर्डच्या काळात त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी झाली. दोघेही विशी-पंचविशीतले. या मैत्रीतून इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभा राहिला. नक्षी, कमानी, झुंबरे यांना फाटा देऊन पोलाद, काच आणि सरळ रेषा यांचे हे घर १९३३ च्या सुमारास सजून तयार झाले. बरेचसे साहित्य जर्मनीत बनून जहाजाने आले. रूलमान, आयलीन ग्रे यांच्यासारख्या कारागिरांचे सामान तेथे आले. पुढे ब्रांकूशी या शिल्पकाराचे ‘अंतराळातील पक्षी’ हे शिल्प महाराजांनी ब्राँझ, काळा संगमरवर आणि पांढरा संगमरवर अशा तीन रूपांत घेतले. इतर संस्थानिक जुन्याचा साठा करीत असताना हा राजा आजच घडलेली, पण उद्या जुनी म्हणून पूजली जाईल अशी वस्तू ओळखून घेत होता.

मोटारींच्या बाबतीतही त्यांची नजर हीच. १९३५ साली त्यांच्यासाठी जी ड्युसेनबर्ग गाडी तयार झाली, ती आजही जगातील नामांकित जुन्या गाड्यांत मोजली जाते. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ड्युसेनबर्ग बंधूंच्या नावाचा कारखाना होता. १९२८ च्या अखेरीस त्यांनी ‘जे’ नावाची गाडी लोकांपुढे आणली. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह, आणि सुमारे सात लिटरांचे इंजिन. पुढे त्याच इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा, जोडून ‘एसजे’ निघाली. तिची ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जाई आणि वेग ताशी सव्वाशे मैलांच्या पुढे. ‘जे’ जातीच्या सर्व मिळून सुमारे ४८० गाड्या झाल्या. त्यांत ‘एसजे’ जेमतेम तीन डझन. साध्या ‘जे’च्या नुसत्या सांगाड्याची किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती. त्या काळी फोर्डची अख्खी गाडी पाच-सहाशे डॉलरांना मिळे.

या कारखान्यातून गिऱ्हाइकाला इंजिन आणि सांगाडा मिळे. वरची बॉडी त्याने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यावयाची, अशी रीत होती. महाराजांनी ते काम लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीला दिले. त्यांनी लांबलचक सांगाड्यावर फक्त दोन माणसांची बैठक ठेवली आणि बाकीची सारी लांबी डौलाला दिली. रंग नारिंगी आणि काळा. सौसर-पांढुर्ण्याच्या मंडळींना आपल्या बागेतील पिकल्या संत्र्याची आठवण यावी असा. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे लोकांना दुरून कळावे म्हणून पुढे निराळ्या रंगांचे दिवे होते, असे सांगतात.

या गाडीच्या जातीत एक गोष्ट अशी होती, की ती प्रत्येक धन्याने मनात धरण्यासारखी आहे. ठराविक मैल गेले की सांगाड्याच्या सांध्यांना आपोआप तेल पोहोचे आणि चालकापुढील फळीवर दिवा लागे. सुमारे ७०० मैल झाले की इंजिनाचे तेल बदला, म्हणून एक दिवा; १,४०० मैल झाले की बॅटरीचे पाणी पाहा, म्हणून दुसरा. इतकी वेगवान आणि इतकी महाग गाडी, पण ती आपल्या धन्याकडे दर काही दिवसांनी तेलपाण्याची आठवण करून देई. गाडी घेणे हा एका दिवसाचा व्यवहार असतो, पण ती बाळगणे हे रोजचे काम आहे, हे त्या दिव्यांएवढे स्पष्ट कोणी सांगितले नसेल.

गाडी आली आणि दोन वर्षांत काळ फिरला. १९३७ साली महाराणी संयोगिताबाई परदेशात निवर्तल्या. त्यांची कन्या उषाराजे तेव्हा चार वर्षांचीही झाली नव्हती. ब्रांकूशींच्या तिन्ही पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते. शिल्पकार त्यासाठी इंदूरला येऊनही गेले, पण ते मंदिर झालेच नाही. आणि त्याच १९३७ साली ड्युसेनबर्गचा कारखाना बंद पडला. घराची धनीण गेली त्याच वर्षी गाडीचा कर्ताही गेला. ज्या गाडीचा कारखाना बंद झाला, ती त्या दिवसापासून म्हातारी होऊ लागते, मग तिचा रंग कितीही नवा दिसो. सुटा भाग मागवावयाचा तो कोठून? तो घडवूनच घ्यावा लागतो. मग युद्ध आले. १९४१ पासून हिंदुस्थानात पेट्रोलवर नियंत्रण आले. मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराची आणि टायरांची टंचाई झाली. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांची तोंडे गॅरेजच्या भिंतीकडे वळली ती याच काळात.

राजाचे आयुष्यही याच वळणाने गेले. पुढे त्यांचे आणखी दोन विवाह झाले, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. बराच काळ परदेशात जाई. तरीही इंदूरचे नाव गाजत राहिले. होळकर संघाने कर्नल सी. के. नायडू यांच्या कर्णधारपदाखाली रणजी करंडक चार वेळा जिंकला, हे आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते. १९४८ साली इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. महाराज उपराजप्रमुख झाले आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. दुसऱ्याच दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. त्याच दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रामाकोना, सौसर, पांढुर्णा ही मराठी गावे मध्य प्रदेशातच राहिली. इंदूरचा माजी राजा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा संत्रेवाला शेतकरी असे एकाच राज्याचे नागरिक झाले. दोघांच्याही जुन्या वाटा एका रात्रीत मागे पडल्या. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतराव महाराजांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न.

त्यांनी जमविलेले सारे नंतर पांगले. काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात गेले, ब्राँझचा अमेरिकेत पासाडेना येथे गेला. माणिकबागेतील सामान १९८० साली मोनाकोत लिलावात विकले गेले. वाड्यात पुढे सरकारी करखात्याची कचेरी आली. नारिंगी गाडी अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली आणि तेथे तिची डागडुजी होऊन ती पुन्हा झळकू लागली. २०१९ साली पॅरिसच्या एका संग्रहालयाने या राजाच्या रसिकतेवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा तेथे जमलेल्या वस्तू पाहून इंदूरकरांना अभिमान आणि हळहळ दोन्ही वाटली असल्यास नवल नाही.

येथे दोष कोणाला द्यावा? आमच्या मते कोणालाच नाही. वस्तू घरातून गेली याचे दुःख खरे. पण घरात राहून गंजली असती तर ते दुःख अधिक झाले असते. जुनी वेगवान गाडी उभी राहिली की आतून मरते. नळ्यांचे रबर चिरते, टाकीतील पेट्रोलचा चिकट राळ होतो, ब्रेकचे तेल हवेतील पाणी ओढते, बेअरिंगे कोरडी पडतात. आज तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला आणि वायसरांना मानवत नाही. म्हणून जिला चालवणारा आणि जिचे ऐकणारा मिस्त्री मिळाला, ती गाडी परक्या मुलखातही जगते. उलट ज्या घरी फक्त मालकी राहिली, तेथे ती आपल्याच अंगणात मोडीत निघते.

आता कायद्यानेही अशा गाड्यांना मान दिला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. पहिल्या नोंदीस २०,००० रुपये, फेरनोंदीस ५,००० रुपये शुल्क पडते. ती रोजच्या वापरास किंवा धंद्यास लावता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, डागडुजी, तेलपाणी अशा कामासाठीच रस्त्यावर आणावयाची. जुनी गाडी घेणाऱ्याने किंवा वारशाने मिळालेली ठेवणाऱ्याने किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: कागद पुरे आहेत काय, सुटे भाग घडवून देणारा हात जवळपास आहे काय, आणि दर पंधरवड्यास ती चालू करण्याइतका वेळ व आवड आपल्यापाशी आहे काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर जरूर ठेवावी. नसेल तर जो ती चालवील त्याच्या हाती द्यावी, आणि देताना वाईट वाटून घेऊ नये.

यशवंतराव महाराजांपाशी निवडण्याची दृष्टी होती, घेण्याचे धन होते. राखण्यासाठी लागणारा निवांत काळ मात्र त्यांना मिळाला नाही. आपल्यापैकी बहुतेकांपाशी त्यांचे धन नाही. पण पडवीतल्या गाडीवरची चादर काढून तिचे तेल पाहण्यापुरता वेळ आहे. यंदाच्या दसऱ्याला माळ घालण्याआधी तेवढे करावे.