अ‍ॅडम ऑस्बोर्न आणि कामापुरते यंत्र

अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे नाव संगणकाच्या इतिहासात मुख्यतः एका दिवाळखोरीमुळे राहिले. १९३९ साली बँकॉकमध्ये जन्मलेल्या या इंग्रज मुलाचे बालपण तमिळनाडूत गेले. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे भक्त व चरित्रकार. पुढे बर्मिंगहॅमची पदवी, अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट, शेल कंपनीतील नोकरी असे टप्पे घेत ते संगणकविषयक पुस्तकांचे लेखक व प्रकाशक झाले. १९७९ मध्ये प्रकाशनसंस्था विकून ते स्वतःच कारखानदारीत उतरले.

एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ऑस्बोर्न-१ हा संगणक लोकांपुढे मांडला. किंमत १,७९५ डॉलर. वजन सुमारे ११ किलो, तरी उचलून नेता येण्याजोगा. लेखनाची व हिशेबाची सॉफ्टवेअर त्याच किमतीत मिळत, आणि ती सुटी घ्यायची तर जवळजवळ यंत्राइतकाच खर्च येता. ली फेल्सेनस्टाइन यांच्या या आराखड्यात अभिनव असे फारसे नव्हते; पडदा तर अवघा ५ इंची, ओळीत ५२ अक्षरांचा. सर्वोत्कृष्टाची गरज थोड्यांनाच असते, बहुतेकांना कामापुरते यंत्र स्वस्तात हवे असते, हा ऑस्बोर्न यांचा सिद्धांत होता. ऐन भरात महिन्याला १०,००० यंत्रे खपली, तेव्हा तो खोटा कोण म्हणणार?

परंतु कामापुरते म्हणजे किती, हे कारखानदार ठरवीत नाही. तेवढ्याच पैशांत दुसरीकडे काय मिळते, यावरून ग्राहक ते ठरवितो. १९८२ मध्ये केप्रोने त्याच १,७९५ डॉलरना ९ इंची पडदा व ओळीत ८० अक्षरे दिली. कालपर्यंत चालणारा पडदा एकाएकी डोळ्यांना खुपू लागला. पाठोपाठ आयबीएमची सॉफ्टवेअर चालविणारा कॉम्पॅकचा उचलता येणारा संगणक आला.

१९८३ च्या आरंभी ऑस्बोर्न यांनी एक्झिक्युटिव्ह या नव्या यंत्राची वाच्यता केली. जुन्याची मागणी आटली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. अकाली घोषणेनेच कंपनी बुडाली, असे सांगण्याचा प्रघात आहे. व्यवस्थापनशास्त्रात त्यास ऑस्बोर्न परिणाम असे नावही पडले. ही उपपत्ती सोयीची, पण अपुरी आहे. जुने उणे आहे हे ग्राहकास आधीच पटलेले नसते, तर तो नव्यासाठी इतक्या सहजपणे थांबला नसता.

१९८४ मध्ये त्यांनी स्वस्त सॉफ्टवेअर विकणारी पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. येथेही भिस्त किमतीवरच होती. पण लोटस कंपनीने अनुकरणाबद्दल दावा लावला व १९९० मध्ये निकाल विरुद्ध गेला. पुढे मेंदूच्या विकाराने ग्रासलेले ऑस्बोर्न भारतात परतले. १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले.