गिल्बर्ट वॉकर

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. १८८९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत ते पहिले आले. बूमरँग फेकण्याचा त्यांना भारी नाद. फेकणाऱ्याकडे परत येणारे ते वाकडे लाकूड हवेत गिरक्या कसे घेते, याचेही त्यांनी गणित मांडले. मित्र त्यांना ‘बूमरँग वॉकर’च म्हणत!

१९०४ साली ते हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८७७ व १८९९ साली पावसाने पाठ फिरविल्यामुळे येथे लक्षावधी माणसे दुष्काळात प्राणास मुकली होती. पाऊस येणार की नाही, हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न वॉकर यांच्यापुढे होता.

वारा देशांच्या सीमा मानीत नाही. म्हणून त्यांनी जगभरच्या वायुभाराचे, तापमानाचे व पावसाचे आकडे गोळा केले. त्या वेळी संगणक नव्हते. खात्यातील भारतीय कारकुनांनी वर्षानुवर्षे हातानेच आकडेमोड केली. त्या आकड्यांतून वायुभाराची मोठी आंदोलने दिसू लागली. एक प्रशांत व हिंदी महासागरांवरचे, तर दुसरे उत्तर अटलांटिकवरचे.

आइसलँडजवळ वायुभार कमी असतो, दक्षिणेस अझोर्स बेटांजवळ अधिक. हा फरक वाढला, की पश्चिमेचे वारे समुद्रावरची ऊब उत्तर युरोपात नेतात; तेथील हिवाळा सौम्य होतो आणि ग्रीनलँड मात्र गारठते. फरक घटला, की सारे उलटे. ग्रीनलँडमधील डॅनिश लोकांना हा उलटा संबंध अठराव्या शतकातच जाणवला होता. वॉकर यांनी त्याला मोजमाप दिले व १९२४ साली नावही दिले.

परंतु हा झोका घड्याळाच्या लंबकासारखा नियमित नाही. १९६० नंतरच्या दशकात तो बहुधा थंडीच्या बाजूस राहिला, तर १९९० च्या सुमारास उबेच्या. शिवाय असे का घडते, हे वॉकर यांना सांगता येत नव्हते. म्हणून अनेक शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. पावसाचे भाकीतही आशेइतके साधले नाही.

१९२४ साली ते मायदेशी परतले व लंडनला प्राध्यापक झाले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ साली याकोब बियर्कनेस यांनी प्रशांत महासागरावरच्या आंदोलनाचा संबंध तेथील पाण्याच्या उष्णतेशी जोडला आणि तेथील वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले. अटलांटिकवरचा झोका मात्र अधिक हट्टी निघाला. येत्या हिवाळ्यात तो कोणीकडे झुकेल, याचा काहीसा अंदाज काही महिने आधी बांधता येतो, असे ब्रिटिश हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखविले.